पडद्यावरील रक्त आणि दास्तान फाटा

मोबाइलच्या पडद्यावर रोज शेकडो माणसे ‘मारणाऱ्या’ मुलाचे काळीज निबर होते काय, असा प्रश्न जासई परिसरातील पालक अलीकडे आम्हांस विचारतात. प्रश्न नवा वाटला, तरी तो सोळाशे वर्षांचा जुना आहे.

संत ऑगस्टीन यांनी इ. स. 400 च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ ह्या ग्रंथात आपला मित्र अलिपियस याची हकिकत सांगितली आहे. हा तरुण कायद्याच्या अभ्यासासाठी रोमला गेला होता. आखाड्यातील जीवघेण्या झुंजींचा त्याला मनस्वी तिटकारा. सोबत्यांनी बळेच ओढून नेले, तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. पण कान कसे मिटणार? प्रेक्षकांची आरोळी उठली, त्याने डोळे उघडले आणि त्या दृश्याची त्याला चटकच लागली. पुढे तोच इतरांना तेथे नेऊ लागला. (हाच अलिपियस कालांतराने थागास्तेचा बिशप झाला, हेही पालकांनी ध्यानी ठेवावे.)

मात्र अलिपियससमोर खरी माणसे मरत होती. खेळात मरते ते चित्र. 2007 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस मिनिटे हिंसक खेळ खेळलेल्यांना खऱ्या हिंसेची दृश्ये दाखविली, तेव्हा त्यांच्या हृदयाची धडधड इतरांहून कमी भरली. उलटपक्षी, 2017 साली जर्मन संशोधकांनी वर्षानुवर्षे असे खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची तपासणी केली असता, परदुःखाची त्यांची जाणीव इतरांपेक्षा बोथट झालेली आढळली नाही. क्षणिक बधिरता येते, कायमची येतेच असे नाही, इतकेच आम्ही त्यातून घेतो.

2019 साली पब्जीवरील बंदीची मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने बंदी घातलीही; परंतु कारण दिले ते देशाच्या सुरक्षिततेचे. मुलांच्या मनाचा प्रश्न होता तेथेच राहिला.

तो जासईत विचारताना आम्हांस विशेष अवघडल्यासारखे होते, कारण या मातीने खरा गोळीबार पाहिला आहे. नवी मुंबईसाठी सिडकोकडे गेलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी जासईचेच सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण धारातीर्थी पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्याच लढ्याचे फळ.

पडद्यावर पडणाऱ्याला ना नाव, ना गाव. पुढच्या डावाला तो पुन्हा उभा राहतो. आमची खरी चिंता ही की, घरात या दोन मरणांतील फरक मुलाला कोणी सांगतच नाही. दरवर्षी 16 जानेवारीला जासईत हुतात्म्यांना अभिवादन होते. मुलांना तेथे अवश्य न्यावे आणि नावे वाचून दाखवावीत. दास्तान फाट्यावर पडले ते चिर्ल्याचे नामदेव घरत आणि धुतुमचे रघुनाथ ठाकूर. दुसऱ्या दिवशी पडले ते पागोट्याचे महादेव पाटील, केशव पाटील आणि कमळाकर तांडेल.