हिवतापाच्या स्लाइडचं कूळ

माळशेज घाटाखालच्या वैशाखऱ्यासारख्या गावात थंडी वाजून ताप आला, की बोटाला सुई टोचून स्लाइडवर रक्त घेतात. एकाच काचेवर जाड लेप आणि पातळ लेप. जाड लेपात जंतू आहेत का ते कळतं, पातळात ते कोणत्या जातीचे ते. तापाचं कारण रक्तात शोधायच्या या रीतीचं आपल्याकडचं एक जुनं उदाहरण दुष्काळातलं आहे.

१८७६ ते ७८च्या दुष्काळात घाटावरची उपाशी माणसं मुंबईत उतरली. दाटीवाटीत उवा माजल्या आणि उवांमुळे पसरणारा, उतरून पुन्हा चढणारा ताप फैलावला. ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांना १८७७ साली अशा रोग्यांच्या रक्तात नागमोडी जंतू दिसले. बर्लिनच्या ओबरमायरनी ते १८७३ सालीच जाहीर केले होते; मुंबईतला ताप त्याच जंतूंचा, हे कार्टरनी दाखवलं. १८५८च्या ‘ग्रेज अॅनाटॉमी’तली चित्रंही याच कार्टरांची. त्यांची नजर चित्रं काढूनच तयार झाली होती, असं मला ठामपणे वाटतं.

हिवतापाचा परजीवी फ्रेंच लष्करी डॉक्टर लाव्हरांना १८८०मध्ये अल्जीरियात दिसला, तो ताज्या, न रंगवलेल्या रक्तात, त्याच्या हालचालीमुळे. पण वाळलेल्या काचेवर काहीच हलत नाही. तिथे रंगच हवा. १८९१मध्ये रशियाच्या रोमानोव्हस्कींनी इओसिन आणि मेथिलीन ब्लू एकत्र वापरले आणि परजीवीचं केंद्रक तांबडं-जांभळं, भोवतालचा भाग निळा असा उठून आला. लीशमन आणि गिम्सा हे रंग त्याच घराण्यातले. आपल्याकडच्या हिवताप मोहिमेत रुळला तो जेएसबी: जसवंत सिंग आणि भट्टाचारजी यांनी १९४४मध्ये मांडलेला, पाण्यात विरघळणारा, झटपट चढणारा रंग. गावोगावच्या स्लाइडचे ढीग उपसायचे तर असाच रंग लागतो.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला विद्यार्थी हे रंगवलेले परजीवी जर्नलमध्ये गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींनी काढतात. त्याला वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. हिवतापाच्या व्हायवॅक्स जातीत तांबडी पेशी फुगते, फाल्सिपॅरम जातीत फुगत नाही. फाल्सिपॅरमचे गॅमिटोसाइट, म्हणजे परजीवीच्या लैंगिक अवस्था, केळ्याच्या आकाराचे. हे वाचून पाठ होतं, पण रंगाचा साका आणि परजीवी यांतला फरक हाताने काढल्यावरच डोळ्यात बसतो. आणि ऑइल इमर्शनखाली जाड लेपाची निदान शंभर क्षेत्रं तपासल्याशिवाय ‘जंतू नाहीत’ असं लिहायचं नसतं.