तबस्सुम : दोन नावांची एक बाई

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात ‘तबस्सुम’ या शब्दाचा अर्थ सांगत होते. स्मितहास्य, ओठांच्या कोपऱ्यात उमटते ते. ओघात मी दूरदर्शनच्या तबस्सुमचा विषय काढला. मुलांपैकी कुणालाच त्या माहीत नव्हत्या. त्यांचे कागदोपत्री नाव किरण बाला सचदेव होते, हे सांगताच एका मुलीने विचारले, “टीचर, मग त्या आपल्या की त्यांच्या?”

प्रश्नात खोट नव्हती. ती जे रोज ऐकते, तेच विचारत होती. मला मात्र तास संपेपर्यंत नीट उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

तबस्सुम यांचा जन्म १९४४चा. वडील अयोध्यानाथ सचदेव, आई असगरी बेगम. आई स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार आणि लेखिका. मुलीचे नाव ठेवताना वडिलांनी आईच्या धर्मभावनेचा मान राखून ‘तबस्सुम’ हे नाव निवडले आणि आईने वडिलांच्या भावनेसाठी ‘किरण बाला’. प्रत्येकाने स्वतःचे सोडून दुसऱ्याचे नाव पुढे केले. काळ कोणता, तर पाकिस्तानची मागणी ऐन भरात असलेला. घराघरांत संशय शिरत होता, तेव्हा एका घरात हे घडत होते.

तीन वर्षांची असताना ही मुलगी ‘बेबी तबस्सुम’ म्हणून पडद्यावर आली. १९५१च्या ‘दीदार’मध्ये तिने नर्गिसचे बालपण साकारले, १९५२च्या ‘बैजू बावरा’मध्ये मीनाकुमारीचे. इथे एक गंमत आहे. त्याच काळात युसूफ खान हे दिलीपकुमार झाले होते, महजबीन बानो मीनाकुमारी झाल्या होत्या. कारणे ज्याची त्याची वेगळी असतील. पण मुसलमान कलाकाराने नाव बदलणे ही रीत झाली होती. तबस्सुम यांचा प्रवास नेमका उलटा. कागदावर किरण बाला असलेली मुलगी उर्दू नावाने ओळखली गेली आणि शेवटपर्यंत त्याच नावाने राहिली.

बालकलाकारांचे पुढे काय होते, ते आपण पाहतो. मोठेपणी त्यांना भूमिका मिळाल्या, पण नायिकेची जागा मिळाली नाही. त्यांची खरी जागा ठरली छोटा पडदा. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि त्याच वर्षी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’. भारतीय टीव्हीवरचा पहिला टॉक शो म्हणून तो ओळखला जातो. तेव्हा तबस्सुम अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. कार्यक्रम १९९३पर्यंत, म्हणजे एकवीस वर्षे चालला. कृष्णधवल पडदा रंगीत झाला, दारात खासगी वाहिन्या आल्या, तोवर ही बाई केसांत फूल माळून समोरच्याला हसत बोलते करीत होती.

आमच्या कुर्ल्याच्या चाळीत टीव्ही एकाच घरी होता. तो मराठी शेजाऱ्यांचा. आम्ही पोरे उंबऱ्याशी दाटीवाटीने बसायचो. अम्मी फारशी टीव्ही पाहत नसे, पण तबस्सुम लागल्या की दाराआडून ऐकायची आणि घरी आल्यावर म्हणायची, “तलफ्फुज ऐकलास? बोलावं तर असं.” आमच्या घरात दखनी, मदरशात उर्दू आणि गल्लीत मराठी. शुद्ध उच्चाराचा माझा पहिला धडा मी त्या उंबऱ्यावर गिरवला. शेजारच्या काकूंना अर्धे शब्द कळत नसत; त्या विचारायच्या, मी सांगायचे. आज दोन्ही भाषा शिकवते, त्याची सुरुवात बहुधा तिथलीच.

त्यांना कुणी इतिहासकार म्हणत नाही. विनोद सांगणाऱ्या, गप्पा मारणाऱ्या बाईला आपण हलकेच घेतो. पण पडद्यामागच्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून काढून घेणे हेसुद्धा इतिहासाचे काम आहे. सेटवर वाढल्यामुळे त्यांना समोरचा पाहुणा परका नव्हता. म्हणून तो मोकळा व्हायचा. शिवाय ‘गृहलक्ष्मी’ या हिंदी मासिकाचे पंधरा वर्षे संपादन त्यांनी केले. १९८५मध्ये ‘तुम पर हम कुर्बान’ हा चित्रपट स्वतः दिग्दर्शित केला. उतारवयात ‘तबस्सुम टॉकीज’ नावाने यूट्यूबवर जुन्या कलावंतांचे किस्से सांगत राहिल्या.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली, तेव्हा वर्ग गप्प झाला. तबस्सुम यांचे पती विजय गोविल हे अरुण गोविल यांचे थोरले बंधू. १९८७मध्ये ‘रामायण’ सुरू झाले आणि लोक ज्या रामासाठी टीव्हीसमोर हात जोडून बसू लागले, त्या रामाची थोरली भावजय असगरी बेगमची लेक होती. याचा तेव्हा कुणी गाजावाजा केल्याचे मला आठवत नाही. चाळीत ‘रामायण’ही आम्ही त्याच उंबऱ्यावर बसून पाहिले.

त्या काळी सगळे गोडीगुलाबीचे होते, असे मी म्हणणार नाही. १९९२-९३च्या दंगलीनंतर आम्ही ती चाळ सोडली. ज्या वर्षी ‘फूल खिले हैं’ संपला, त्याच वर्षी आमचा तो उंबराही सुटला. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही; माझ्या आठवणीत मात्र ते एकत्रच आहेत.

१८ नोव्हेंबर २०२२ला तबस्सुम गेल्या. त्यांच्याच इच्छेनुसार अंत्यविधी उरकल्यावर बातमी जगाला कळवली गेली.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, बेटा, त्यांच्या अम्मी-अब्बांनी हा प्रश्न नाव ठेवतानाच सोडवला होता. ती थोडा विचार करून म्हणाली, “म्हणजे दोघांनी एकमेकांना जागा दिली.” मी फळ्यावर दोन्ही नावे लिहिली, एक उर्दूत, एक मराठीत. तास संपल्यावर फळा पुसला नाही.