हुलग्याची दुसरी ओळख

नाशिककडे हुलगे म्हटले की शेंगोळेच आठवतात. लसूण-मिरचीच्या झणझणीत रश्शात शिजलेले, हातावर वळलेले. कोकणात याच दाण्याला कुळीथ म्हणतात आणि त्याचं पिठलं करतात. रक्तपेढीला मात्र हुलगा कच्चाच लागतो, आणि ही ओळख पुण्यात झाली.

जी. डब्ल्यू. जी. बर्ड हे लष्करी डॉक्टर पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणाचं काम पाहत. हुलग्याच्या अर्कानं ठरावीक गटाच्याच लाल पेशींच्या गुठळ्या होतात, हे त्यांनी १९५१ साली ‘करंट सायन्स’मध्ये कळवलं. पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं, की हा अर्क ए गटाचे ए-१ आणि ए-२ हे उपगटही निवडून देतो. एरवी त्यासाठी बी गटाच्या माणसाच्या रक्तद्रवावर बरीच खटपट करावी लागे. इथे मूठभर धान्यानं काम भागलं.

लाल पेशीवरच्या प्रथिनांना आणि मेदांना साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात. टोकाला एन-अ‍ॅसिटिल-गॅलॅक्टोसॅमिन ही शर्करा असली की रक्तगट ए. हुलग्यातलं लेक्टिन हे प्रथिन नेमकं तेच टोक पकडतं. ए-१ पेशींवर अशी टोकं कितीतरी जास्त, म्हणून बेतानं पातळ केलेला अर्क त्यांनाच एकत्र ओढतो. उकळलं की लेक्टिन निकामी होतं. शेंगोळे खाणाऱ्यांनी रक्ताची काळजी करू नये.

त्याच १९५२ मध्ये मुंबईच्या वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. या लोकांच्या लाल पेशींवरच्या साखळीत फ्युकोज ही शर्कराच चढत नाही. तिच्याविना ए किंवा बीचं टोक जोडता येत नाही. त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. एका साखरेची ही किंमत.

लाल पेशींपुरतंच हे असतं तर गोष्ट रक्तपेढीतच राहिली असती. पण पेशींना वाढीचा निरोप देणारा ईजीएफ हा रेणू धरणाऱ्या, पेशीवरच्या ग्राही प्रथिनावरही अशा साखळ्या असतात. प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या ए-४३१ या कर्करोगपेशींच्या ग्राहीवर तर थेट ए गटाची खूण सापडली. औषध देऊन नव्या ग्राहीवर साखळ्या चढूच दिल्या नाहीत, तर प्रथिन तयार होतं, पण निरोप्या रेणूला धरत नाही.