उपनगरी पत्ता आणि शोधयंत्रांची परिभाषा
अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांचे लोहमार्गाने पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले. १९७२ सालच्या पिनकोडातही हा भेद अंकबद्ध आहे : मुलुंड पश्चिम ४०००८०, पूर्व ४०००८१. पुढे २०११ साली गूगल, बिंग व याहू यांनी ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही समाईक परिभाषा सिद्ध केली. संकेतस्थळावरील कोणता मजकूर व्यवसायाचे नाव, कोणता पत्ता, हे तिच्या खुणांमुळे शोधयंत्रास कळते. तीत नळकारागिरास स्वतंत्र वर्ग आहे, पिठाच्या गिरणीस नाही. पिनकोडास रकाना आहे, ‘देवळासमोर’, ‘फाटकाजवळ’ अशा शब्दयोगी अव्ययांनी सांगितलेल्या ठिकाणास नाही. ते रस्त्याच्या रकान्यात लिहिता येते. तात्पर्य, पत्त्यातील दिशा यंत्रापर्यंत पोहोचली. गिऱ्हाइकास दारापर्यंत नेणारे सान्निध्य मात्र या परिभाषेत अद्याप अनामिकच आहे.