कंसाच्या मुंडक्याची कुळकथा

कंसाचं मुंडकं धडापासून सुटतं, वर वर जातं, चौकटीबाहेर नाहीसं होतं आणि थोड्या वेळाने खाली उतरून पुन्हा खांद्यांवर बसतं. दादासाहेब फाळके यांच्या १९१८ सालच्या 'श्रीकृष्णजन्म' या मूकपटातला हा प्रसंग. या चित्रपटाचा फार थोडा भाग आज शिल्लक आहे, आणि त्यात नेमका हा तुकडा वाचला हे आपलं भाग्यच म्हणायचं. कारण इथे कृष्णाने कंसाला अजून हात लावलेला नाही. मुंडकं उडतं ते कंसाच्या मनात. आकाशवाणी ऐकल्या दिवसापासून पोटात बसलेलं भय त्याला डोळ्यांसमोर दिसतं, आणि त्याच्यासोबत आपल्यालाही.

नाशिकच्या द्वारका चौकात बसची वाट पाहत उभी असलेली कॉलेजची मुलं थॉर भारी की हल्क यावर हमरीतुमरीवर येतात तेव्हा खरं तर दोन प्रश्न एकात मिसळलेले असतात: कोणाच्या अंगात काय शक्ती आहे, आणि ती तो कशासाठी वापरतो. हेच दोन प्रश्न पडद्यावर कसे मांडायचे, याची आपल्या देशातली पहिली उत्तरं याच नाशकात शोधली गेली. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात लागला आणि त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड आणि कारखाना घेऊन नाशकात आले. १९१८ मध्ये इथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली.

फाळक्यांना पात्रं शोधावी लागली नाहीत. एकमेकांत गुंतलेल्या वीरांचं आयतं विश्व पुराणांनी त्यांच्या हाती दिलं होतं. नारद कोणाच्याही कथेत डोकावतो. परशुराम रामालाही भेटतो आणि कर्णालाही. समुद्रकाठी हनुमानाला त्याच्या विसरलेल्या बळाची आठवण करून देणारा जांबवंत पुढच्या युगात स्यमंतक मण्यापायी द्वारकेच्या कृष्णाशी झुंजतो आणि शेवटी त्याचा सासरा होतो. या विश्वात शक्ती फुकट मिळत नाही. ती वर म्हणून मिळाली तर त्या वरातच पळवाट असते, शाप म्हणून अडली तर त्यावर उःशापही असतो. हनुमानाला उड्डाण करता येतं, पण कोणी आठवण करून दिल्याशिवाय आपल्याला ते येतं हेच त्याला ठाऊक नसतं. भस्मासुराचा हात ज्याच्या डोक्यावर पडेल तो जळून राख होतो, आणि स्वतःचं डोकं त्याला अपवाद नसतं. नाशकात आल्यावर फाळक्यांनी पहिल्याच घासाला 'मोहिनी भस्मासुर' ही कथा निवडली, हे मला फार बोलकं वाटतं. कमलाबाई गोखले त्यात मोहिनी झाल्या आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत पार्वती. बाईची भूमिका बाईनेच करण्याची आपल्या पडद्यावरची ती सुरुवात.

कीर्तनं ऐकत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला या कथा तोंडपाठ होत्या. कंस कोण, तो का घाबरतो, हे सांगण्यात फाळक्यांना वेळ दवडावा लागत नव्हता. परदेशी चित्रपटाला आपल्या नायकाची जन्मकथा पुनःपुन्हा सांगावी लागते, इथे प्रेक्षक ती घरून घेऊनच येत असे. मग उरलं एकच काम: जे कानांनी ऐकलंय ते डोळ्यांना दाखवायचं.

ते दाखवण्याची युक्ती जादूगाराच्या पेटीतून आली. फाळके त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी शास्त्र्याच्या घरात जन्मले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले. छायाचित्रकार झाले, पुरातत्त्व खात्यात नकाशे काढले, शिळाप्रेसवर चित्रं छापली. मधल्या काळात एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. पॅरिसमध्ये चंद्रावर स्वारी करणारा चित्रपट १९०२ मध्ये काढणारा जॉर्ज मेलिएसही मुळात रंगमंचावरचा जादूगारच. नजरबंदी म्हणजे काय हे पोटापाण्यासाठी शिकलेल्या माणसांनाच कॅमेऱ्याची खोड आधी कळली.

फाळक्यांची पहिली किमया मात्र देवाची नव्हती, वाटाण्याची होती. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर पक्का बसवला आणि दिवसेंदिवस एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर बी फुटलं, अंकुर वर आला, वेल झाला. पैसे देऊ शकणाऱ्या स्नेह्यांना हा चिमुकला चित्रपट दाखवल्यावर 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभं राहिलं.

त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा. साधारणपणे दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चौकटी उमटत आणि सेकंदाला दोन फेरे पडत. देव प्रकट करायचा तर कॅमेरा जागचा हलू द्यायचा नाही. दांडा थांबवायचा, सगळ्या नटांनी आहेत तिथेच थिजायचं, मोकळ्या जागी देवाने येऊन उभं राहायचं आणि पुन्हा दांडा फिरवायचा. पडद्यावर मधला खंड दिसतच नाही, देव एकदम उभा ठाकतो. एका चौकटीत दोन दृश्यं हवी असतील तर काम याहून अवघड. आधी काळ्या कापडासमोर एक भाग टिपायचा, फेरे मोजून ठेवायचे, फिल्म तेवढीच मागे गुंडाळायची आणि तिच्यावरच दुसरा भाग टिपायचा. मोजणीत चूक झाली तर दोन्ही भाग वाया. बरोबर जमलं का, हे फिल्म धुऊन होईपर्यंत कळायचं नाही. ते धुण्याचं आणि फिल्मला भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. कारखान्यातल्या माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच असे. या कुळकथेत त्यांचं नाव पहिल्या ओळीत यायला हवं, ते बहुतेक ठिकाणी तळटीपेत जातं.

१९१७ मध्ये 'लंकादहन' आला. अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही तेच. हनुमान आकाशात झेपावला आणि लहान लहान होत गेला. सुपरमॅन छापील पानावर अवतरला तो १९३८ साली, म्हणजे त्यानंतर एकवीस वर्षांनी. राम दिसताच प्रेक्षक पायातल्या वहाणा काढत, आणि मद्रासेत तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागली, असं सांगतात.

पण माझ्या मते फाळक्यांची खरी झेप 'कालिया मर्दन'मध्ये आहे, १९१९ सालच्या. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी इथेही कृष्ण आहे. एका चित्रपटातला वीर, तोच चेहरा घेऊन, पुढच्या चित्रपटात जातो. आणि चित्रपट सुरू होतो तो कृष्णाने नाही, मंदाकिनीने. सहा-सात वर्षांची ती मुलगी जवळून दाखवली आहे. चेहऱ्यावर एकामागून एक भाव आणून दाखवते, मग कृष्णाच्या वेशात येते. ही माझी मुलगी आहे, आता ती कोण होते ते पाहा, असं बापाने प्रेक्षकांना उघड सांगितलं. ज्याने जादू केली त्याने आधी हात उघडून दाखवले, आणि तरीही लोकांचा विश्वास बसला. पाण्याखाली नागाशी झुंज चालू असताना काठावर जमलेलं गोकुळ चित्रपटभर आपल्या लक्षात राहतं. कृष्णाची ताकद किती, हे नागाच्या फण्यापेक्षा काठावरच्या माणसांच्या काळजीतून जास्त कळतं. आजच्या महागड्या चित्रपटांत अर्धं शहर कोसळतं आणि काठावरचं कोणी दिसतच नाही. तिथेच माझं लक्ष उडतं.

कॅमेऱ्याची ही युक्ती पुढे प्रभात कंपनीकडे गेली. १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये भिंत चालली. हिंदी पडद्यावर बाबूभाई मिस्त्री यांनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या दोऱ्यावर वस्तू नाचवून अदृश्य माणूस उभा केला आणि पुढची कित्येक वर्षं पौराणिक चित्रपटांतली अस्त्रं त्यांच्या हातून सुटत राहिली. जानेवारी १९८७ पासून दर रविवारी दूरदर्शनवर बाण हवेत भिडू लागले ते याच घराण्यातले.

फाळक्यांनी नव्वदहून अधिक चित्रपट केले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी ते नाशकातच वारले. त्यांच्या कामातलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकंच उरलं आहे. जे उरलं ते मुख्यतः पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे, आणि पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून मिळवलेले तुकडे चिकाटीने जुळवले म्हणून. मुंबईच्या रस्त्याला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे, लोक तिथे बागेत फिरायला जातात. त्यांना माझी एक विनंती आहे. 'कालिया मर्दन' आणि 'श्रीकृष्णजन्म'चे उरलेले तुकडे इंटरनेटवर पाहता येतात. एखाद्या रविवारी घरातल्या मुलांना शेजारी बसवून ते पाहा, आणि कंसाचं मुंडकं उडताना तो घाबरलाय की चिडलाय, हे त्यांना विचारा.