पाळीव सशाचे मूत्रपिंड : शरीररचनाशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण व नाशिकमधील प्राणिशास्त्राचे अध्यापन

प्रस्तावना :

पाळीव ससा (ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) हा प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सस्तन प्राण्यांचा प्रातिनिधिक नमुना म्हणून दीर्घकाळ वावरला आहे. नाशिक येथे गोखले एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय १९२४ साली सुरू झाले. ते प्रारंभी मुंबई विद्यापीठाशी व १९४९ नंतर पुणे विद्यापीठाशी संलग्न राहिले. त्या काळी भारतीय महाविद्यालयांतून पार्कर व हॅसवेल यांचा इंग्रजी ग्रंथ प्रमाण मानला जाई आणि त्यात सस्तन वर्गाचे उदाहरण म्हणून सशाचेच वर्णन आहे. कादंबरीकार म्हणून पुढे ख्यातनाम झालेल्या एच. जी. वेल्स यांनी १८९३ साली लिहिलेल्या जीवशास्त्राच्या क्रमिक पुस्तकाचा आरंभही सशापासूनच होतो. प्रस्तुत निबंधात या प्राण्याच्या मूत्रपिंडाविषयीच्या ज्ञानाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

येथे एक भाषिक घोटाळा नोंदविणे आवश्यक आहे. मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. नाशिक परिसरातील माळरानावर दिसणारा ससा हा लेपस निग्रिकोलिस होय. त्याच्या प्रजातीतील (लेपस) गुणसूत्रांची संख्या ४८, तर पाळीव सशाची ४४ आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानससा संरक्षित आहे. विद्यार्थ्याने पुस्तकात पाहिलेला ससा मूळचा युरोपीय होता, गावाबाहेरच्या माळावरचा नव्हे.

उजवे आणि डावे :

सशाचे मूत्रपिंड घेवड्याच्या दाण्यासारखे, गुळगुळीत पृष्ठाचे असते. आतील मज्जाभाग एकाच अंकुरात संपतो. मानवी मूत्रपिंडात असे अनेक अंकुर असतात. उजवे मूत्रपिंड पुढे, यकृताला टेकून असते. डावे मागे व अधिक सैल असते. मानवात मात्र यकृतामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा किंचित खाली असते.

हा फरक क्षुल्लक वाटतो, परंतु त्याला मोठा इतिहास आहे. सर्व प्राण्यांत उजवे मूत्रपिंड वर असते, असे ॲरिस्टॉटलने लिहिले. गॅलेननेही जनावरांच्या विच्छेदनावरून तेच मत पुढे चालविले. मूत्रवाहिन्या बांधून मूत्र मूत्रपिंडातूनच येते हे सिद्ध करणारा गॅलेन येथे चुकला, कारण त्याच्यासमोर माणूस नव्हता. १५४३ च्या आपल्या महाग्रंथात व्हेसॅलियसने मानवी मूत्रपिंडाऐवजी कुत्र्याचे मूत्रपिंड चितारले, यावर युस्टाकी यांनी १५६४ मध्ये बोट ठेवले. प्राण्यावरून माणसाचे अनुमान कोठवर करावे, हा प्रश्न असा या अवयवापाशी वारंवार उभा राहिला.

बर्नार्ड यांचे ससे :

तथापि प्राण्याचे वेगळेपणच कधीकधी फलदायी ठरते. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार्ड यांच्या प्रयोगशाळेत एकदा बाजारातून ससे आणले गेले. टेबलावर पडलेले त्यांचे मूत्र स्वच्छ व आम्लधर्मी होते. शाकाहारी प्राण्याचे मूत्र गढूळ व अल्कधर्मी असावयास हवे, हे बर्नार्ड जाणत होते. ससे उपाशी असावेत, असा त्यांनी तर्क केला. गवत खाऊ घालताच मूत्र गढूळ झाले; पुन्हा उपाशी ठेवताच ते स्वच्छ झाले. उपाशी प्राणी स्वतःच्याच मांसावर जगतो, म्हणजे तेवढ्यापुरता मांसाहारी होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८६५ च्या त्यांच्या ग्रंथात हा प्रसंग येतो. सशाच्या मूत्राच्या गढूळपणाचे प्रमुख कारण त्यातील कॅल्शियमचे क्षार होत. ससा आहारातील कॅल्शियम मुक्तपणे शोषून घेतो आणि जादा भाग मूत्रपिंडावाटे टाकतो; इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत हे प्रमाण अत्यल्प असते.

पुढे १९६६ साली मॉरिस बर्ग व सहकाऱ्यांनी सशाच्या मूत्रपिंडातून एकेक सूक्ष्मनलिका अलग करून तिच्यातून द्रव वाहवून दाखविला. नलिकेच्या कोणत्या भागात पाणी व क्षार कसे शोषले जातात, याच्या आजच्या ज्ञानाचा मोठा भाग याच तंत्रावर उभा आहे.

शब्द आणि अवयव :

मराठीत शालेय विज्ञान 'वृक्क' म्हणते, व्यवहारात 'मूत्रपिंड' चालते. चरकसंहितेत वृक्क हे मेदोवह स्रोतसांचे मूळ सांगितले आहे; मूत्रवह स्रोतसांचे मूळ मात्र बस्ती व वंक्षण. 'मूत्रपिंड' या शब्दात कार्याचा उच्चार आहे, तो जुन्या संज्ञेत नाही. जुना शब्द नव्या अर्थाने स्वीकारताना हा बदल विद्यार्थ्यांना सहसा सांगितला जात नाही.

विच्छेदनानंतर :

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे आणि २०१४ मध्ये ते पूर्णतः थांबविण्याचे निर्देश दिले. प्राण्यांच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. ससा तसाही महाग. टेबलावर बहुधा बेडूक, झुरळ वा उंदीर असे आणि ससा चित्रातच राही. आता तक्ते, प्रतिकृती, संगणकीय साधने आणि फॉर्मॅलिनच्या बरण्या हीच अध्यापनाची सामग्री आहे. परंतु बरणीत सुटे ठेवलेले मूत्रपिंड कोणत्या बाजूचे, यकृताला किती जवळ होते, हे त्या अवयवाकडे पाहून उमगत नाही. ते चिठ्ठीवर लिहिलेले असावे लागते.