घरी मायक्रोग्रीन्स पिकवून विकताय? आधी बियाणे तपासा

बीडजवळच्या पालीला बिंदुसरा धरण लागून आहे. तरी पावसाने ओढ दिली की पाण्याची चणचण भासतेच. अशा गावांत कमी जागेत, थोड्या पाण्यावर होणारी मायक्रोग्रीन्स हा जोडधंदा होऊ शकतो. पण ती बहुधा कच्चीच खाल्ली जातात. त्यामुळे तुमच्याकडून झालेली चूक थेट ग्राहकाच्या पोटात जाते.

मायक्रोग्रीन्स म्हणजे काय?

मेथी, मोहरी, मुळा यांची ७ ते १४ दिवसांची कोवळी रोपे. मोड आलेले धान्य मुळासकट खातात. इथे फक्त देठ आणि पाने कापून घेतात. त्यांत जीवनसत्त्वे भरपूर असतात, पण ती कोणत्याही आजारावरचे औषध नाहीत. तसे सांगून विकू नका.

कोणते बियाणे वापरू नये?

• पेरणीतून उरलेले, गुलाबी किंवा निळसर रंगाचे बियाणे. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेले असते. धुतल्याने ते पूर्ण जात नाही.
• ज्वारी. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यामागचे सायनाइडचे विष माणसालाही घातक असते.
• टोमॅटो, वांगी, बटाटा आणि मिरची यांची कोवळी रोपे.

प्रक्रिया न केलेले, खाण्यायोग्य बियाणेच घ्या.

कसे पिकवावे?

१. तळाला छिद्रे असलेल्या स्वच्छ ट्रेमध्ये इंचभर कोकोपीट पसरा. ताजे शेणखत घालू नका.
२. मेथी ६ ते ८ तास भिजवून पेरा. मोहरी न भिजवता पेरा.
३. दोन-तीन दिवस झाकून ठेवा, मग उजेडात आणा.
४. पिण्यायोग्य पाणीच फवारा. टँकरचे किंवा साठवलेले पाणी असेल तर उकळून गार करून घ्या.
५. हात धुऊन, स्वच्छ कात्रीने मातीच्या वर कापा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा.

कुबट वास, चिकटपणा किंवा बुरशी दिसली तर पूर्ण ट्रे टाकून द्या.

२०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलायचा संसर्ग पसरला आणि ५० हून अधिक माणसे दगावली. मायक्रोग्रीन्समध्ये हा धोका कमी असला, तरी शून्य नाही.

कोणी जपून खावे?

गरोदर महिला, लहान मुले, वृद्ध, तसेच केमोथेरपी चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांनी ती वरणात किंवा भाजीत शिजवून खावीत. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. खाल्ल्यानंतर रक्ताचे जुलाब, तीव्र ताप किंवा लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसल्यास त्वरित रुग्णालयात जा.

उत्पन्नाचा हिशेब

बियाणे, कोकोपीट, डबी, बीडला जाण्याचे भाडे आणि वाया गेलेले ट्रे असा सगळा खर्च धरा. माल चार-पाच दिवसांतच उतरतो. म्हणून आधी ऑर्डर घ्या, मग पेरा. सुरुवात दोन-तीन ट्रेपासून करा, पहिले पीक घरी खाऊन पाहा आणि विक्रीपूर्वी एफएसएसएआयच्या नोंदणीची चौकशी करा.